शिसवी की महोगनी?

(तृतीय वर्ष, कला)

गिटार वाजविणाऱ्या दोन माणसांना एका खोलीत बसवावे, ‘पाठ शिसवाची चांगली की महोगनीची?’ एवढाच प्रश्न टाकावा आणि आपण खुशाल बाहेर पडावे. तासाभराने परत आलात तरी वाद चालूच असेल. फरक एवढाच, की आरंभी जे दोघे गिटारविषयी बोलत होते ते आता एकमेकांच्या कानांविषयी बोलत असतील! आमच्या वसतिगृहात हा वाद गेली तीन वर्षे मी ऐकत आलो आहे आणि त्यात भागही घेत आलो आहे. म्हणून या अंकाच्या निमित्ताने त्याचा थोडा विचारपूर्वक परामर्श घ्यावा असे वाटले. गिटारच्या लाकडाने आवाज किती बदलतो, आपली आवड कोठून येते आणि त्या आवडीची किंमत कोण मोजतो, असे तीन प्रश्न माझ्यापुढे आहेत. पहिला शास्त्राचा आहे, दुसरा मनाचा. तिसरा कोणाचा, ते शेवटी पाहू.

थोडे शास्त्र

गिटारची तार स्वतः फारच कमी आवाज करते. ती इतकी बारीक असते, की हवेला ढकलण्याऐवजी हवेतून नुसती कापत जाते. दोन खिळ्यांमध्ये ताणलेली तार छेडून पाहावी; जवळ कान नेल्याशिवाय ऐकू येत नाही. आवाज मोठा करण्याचे काम पुढच्या फळीचे. मिरजेचे कारागीर सतारीच्या ज्या भागाला तबली म्हणतात, तोच हा भाग. तारेचे कंपन घोडीतून या फळीत उतरते, फळी थरथरते आणि आपल्या रुंद अंगाने पुष्कळ हवा हलविते. शिवाय पेटीच्या आत कोंडलेली हवा गोल भोकातून आत-बाहेर होत असते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जसा घुमारा निघतो, त्याच जातीचा हा घुमारा. साधारणतः सेकंदाला शंभराच्या आसपास कंपने एवढा तो खालचा असतो आणि गिटारच्या खर्जाला भरदारपणा देतो.

आता या फळीपुढची अडचण पाहा. पोलादी तारांच्या गिटारमध्ये सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या घरात जातो. म्हणजे एखादा धट्टाकट्टा माणूस त्या घोडीला सतत लोंबकळत असल्यासारखेच झाले. हा ताण सोसायचा तर फळी जाड हवी आणि मोकळेपणी थरथरायचे तर ती पातळ व हलकी हवी. प्रत्यक्षात तिची जाडी असते अवघी अडीच ते तीन मिलिमीटर. एवढ्या पातळपणात टिकाव धरण्यासाठी हलके असूनही ताठ राहणारे लाकूड लागते. थंड प्रदेशातील स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाचे लाकूड या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होते. त्याच्या सरळ रेषांच्या दिशेने ध्वनी सेकंदाला पाच हजार मीटरहून अधिक वेगाने धावतो. हवेत तो जेमतेम तीनशे चाळीस मीटर जातो. व्हायोलिन, पियानो आणि गिटार या तिन्हींच्या फळ्यांना शतकानुशतके स्प्रूस वापरतात ते काही उगाच नव्हे.

फळीच्या आतल्या बाजूस बारीक पट्ट्या चिकटविलेल्या असतात. बाहेरून त्या दिसत नाहीत, परंतु आवाजाचे निम्मे रहस्य त्यांच्यात असते. स्पेनमधील आल्मेरियाचे आंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) यांनी पंख्याच्या काड्यांसारखी पट्ट्यांची जी मांडणी रूढ केली, ती आजच्या अभिजात गिटारचा पाया ठरली. जर्मनीतून १८३३ साली अमेरिकेत गेलेले सी. एफ. मार्टिन यांच्या कारखान्यात फुलीच्या आकाराची मांडणी रुजली आणि पुढे पोलादी तारांचा ताण तिनेच पेलला.

मग पाठीचे आणि बगलांचे लाकूड काय करते? शिसवासारखे जड, कणखर लाकूड कंपन कमी शोषते. त्याची सुकी फळी दोन बोटांत धरून टिचकी मारली तर घंटेसारखा नाद निघतो आणि तो रेंगाळतो. महोगनीच्या फळीवर तीच टिचकी मारली तर आवाज गोड येतो, पण लवकर विझतो. स्प्रूसच्या तुलनेत शिसव वजनाला जवळजवळ दुप्पट भरतो. महोगनी या दोहोंच्या मध्ये कोठेतरी. हे सगळे मोजता येते. वाद आहे तो पुढच्या पायरीवर. सुट्या फळीत जो फरक स्पष्ट ऐकू येतो, तो पुरी गिटार तयार झाल्यावर, पाठ वाजविणाऱ्याच्या पोटाला टेकलेली असताना, कितपत उरतो?

आवडीनिवडीची यादी

शास्त्र बाजूला ठेवून माझी आवड आधी सांगून टाकतो. नंतर तिची उलटतपासणी करू.

शिसवी पाठीच्या गिटारमध्ये मला खर्जाची खोली आवडते. जाड तार छेडली की तिच्याभोवती आणखी दोन-चार स्वर उमटल्याचा भास होतो. तंबोऱ्याच्या खर्जाची आठवण व्हावी असा. एकटे बसून, सावकाश वाजवायचे असेल तर मला हीच हवी. महोगनीची गिटार त्यामानाने अघळपघळ बोलत नाही. स्वर उमटतो, आपले म्हणणे सांगतो आणि बाजूला होतो. गाणाऱ्याची साथ करायची असेल तर हा गुण मोठा, कारण भावगीताचे शब्द त्यात बुडत नाहीत. व्हायोलिनच्या पाठीला वापरतात ते मेपल मला स्वच्छ पण किंचित कोरडे वाटते. समूहात, चार वाद्यांमध्ये, ते बरोबर उठून दिसते.

पुढच्या फळीत माझा कल सीडरकडे आहे. या नावावरून घोटाळा होतो म्हणून सांगतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील हा ‘रेड सीडर’ आपल्या हिमालयातील देवदाराचा सगोत्र नाही. दोन्ही वृक्ष निराळ्या कुळांतले. माद्रिदचे होसे रामिरेझ तिसरे यांनी १९६० च्या दशकात अभिजात गिटारच्या फळीला हे लाकूड वापरावयास सुरुवात केली आणि स्प्रूसच्या एकछत्री राज्याला प्रतिस्पर्धी मिळाला. सीडर हलक्या बोटालाही लगेच दाद देते. स्प्रूस थोडी मेहनत मागते, पण जोरात वाजविले तरी तिचा आवाज फाटत नाही. माझी बोटे हलकी, म्हणून सीडर मला मानवते. माझ्या एका मित्राचा हात दणकट. त्याला तीच गिटार गुदमरल्यासारखी वाटते. दोघेही खरे बोलतो.

आवड येते कोठून?

आता उलटतपासणी. महोगनीकडे माझा ओढा का, याचा विचार करता एक गोष्ट ध्यानात आली. मी पहिली गिटार ऐकली ती आमच्या शेजारच्या अंकलांची. ते मूळचे गोव्याचे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादकांची जी मोठी गोवेकर पिढी होऊन गेली, तिच्यातले ते एक. त्यांच्या गिटारची पाठ महोगनीची होती. संध्याकाळी जिन्यावर बसून ते मांडो वाजवीत आणि मी पायरीवर बसून ऐके. पुढे त्यांच्याकडेच शिकू लागलो. एकदा मी विचारले, “अंकल, शिसवीची गिटार जास्त चांगली असते का हो?” ते म्हणाले, “बाबा, आधी डोळे मीट. मग वाजव. मग सांग मला कुठली चांगली ती.” तेव्हा मला वाटले, अंकल प्रश्न टाळताहेत. उत्तर तर त्यांनी तेव्हाच दिले होते.

संगीताच्या इतिहासातही आवडीची मुळे अशीच अनपेक्षित जागी सापडतात. फ्लामेंको वादकाला सायप्रसच्या फिकट लाकडाची हलकी गिटार लागते. तिचा तडक, कोरडा आवाज म्हणजेच फ्लामेंकोचा आवाज, असे आज कोणीही सांगेल. परंतु सायप्रस हे स्पेनमध्ये सहज मिळणारे, स्वस्त लाकूड होते. परदेशातून येणारा महागडा शिसव गरीब वादकांच्या आवाक्यात नव्हता. गरजेने जे हाती आले त्याचाच पुढे आदर्श झाला. याच्या उलट प्रकार शिसवाचा. तो गडद, चकचकीत, दुर्मिळ. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात शोभणारा. ‘उंची’ गिटार शिसवीची असावी या समजुतीत कानाइतकाच डोळ्यांचा वाटा नसेल असे म्हणवत नाही.

तोर्रेस यांना बहुधा हीच शंका आली असावी. त्यांनी १८६२ साली एक विलक्षण गिटार केली. पुढची फळी उत्तम स्प्रूसची. पाठ आणि बगला मात्र चक्क कागदाच्या लगद्याच्या! आवाजाचे मर्म पुढच्या फळीत आहे, हे त्यांना दाखवावयाचे होते. ही गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. कॅलिफोर्नियातील टेलर कंपनीने १९९५ साली असाच खोडसाळपणा केला. माल वाहून नेण्यासाठी वापरतात त्या ओकच्या टाकाऊ पॅलेटच्या फळ्यांतून पाठ आणि बगला काढल्या, पुढची फळी इमारती लाकडाच्या तुकड्यांतून जोडून घेतली आणि एक उत्तम वाजणारी गिटार प्रदर्शनात मांडली. खिळ्यांची भोके त्यांनी लपविली नाहीत. उलट त्यांत ॲल्युमिनियमच्या चकत्या बसवून ती मिरविली.

कोणी म्हणेल, या झाल्या कारागिरांच्या गमती. म्हणून आता रीतसर प्रयोगाकडे वळू. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी एकाच कारागिराकडून, एकाच नमुन्याच्या सहा गिटारी करवून घेतल्या. फरक फक्त पाठीच्या आणि बगलांच्या लाकडात. ब्राझीलचा शिसव, भारतीय शिसव, महोगनी, मेपल, सापेली आणि अक्रोड अशी ही सहा लाकडे. काही अतिशय महाग, काही स्वस्त. मग ५२ गिटारवादकांना मंद प्रकाशाच्या खोलीत बसविले, त्यांच्या डोळ्यांवर वेल्डिंग करणारे लोक लावतात तसले काळे चष्मे चढविले आणि एकेक गिटार वाजवून गुण देण्यास सांगितले. सहाही गिटारींना आवाजाबद्दल जवळजवळ सारखेच गुण मिळाले. दोन गिटारींत फरक ओळखण्याची परीक्षा घेतली तेव्हाही वादकांना तो खात्रीने ओळखता आला नाही.

हा निकाल वाचून आम्हीही वसतिगृहात डोळ्यांना हातरुमाल बांधून हाच खेळ खेळून पाहिला. त्याला प्रयोग म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. एक गोष्ट मात्र सर्वांना बिनचूक ओळखता आली: कोणत्या गिटारवर नव्या तारा आहेत आणि कोणत्या गिटारवर जुन्या, गंजलेल्या. शिसव आणि महोगनी यांवरून भांडणारे आम्ही, तारा बदलण्याच्या बाबतीत किती आळशी आहोत, हेही त्याच वेळी उघड झाले.

याचा अर्थ लाकूड अगदीच निरर्थक असा कोणी काढू नये. प्रयोग पाठीच्या आणि बगलांच्या लाकडाचा होता, पुढच्या फळीचा नव्हता. आणखी एक मुद्दा. बाजारात शिसवी गिटार आणि महोगनी गिटार यांत केवळ पाठच वेगळी असते असे नाही; आकार, पट्ट्या, फळीची प्रत, सगळेच थोडेफार बदललेले असते. आपण तो साराच फरक लाकडाच्या नावावर जमा करतो. मला महोगनीची वाटणारी गोडी खरीच आहे. ती महोगनीतून येते की नाही, एवढाच प्रश्न आहे. अंकलांच्या गिटारची गोडी तर बरीचशी अंकलांच्या बोटांतली होती.

आपलीच लाकडे

या विषयात आपल्याला, मराठी वाचकांना, आणखी एका कारणाने रस वाटावा. ज्याला जगभरचे गिटारवादक ‘इंडियन रोझवुड’ म्हणतात, तो आपला सह्याद्रीतला शिसव. घराघरांतील शिसवी पलंग आणि देव्हारे ज्या झाडाचे, त्याच झाडाच्या गिटारी परदेशांत होतात. १९६० च्या दशकापर्यंत तिकडच्या कारागिरांची पहिली पसंती ब्राझीलच्या शिसवाला होती. पुढे ब्राझीलने ओंडक्यांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. १९६९ च्या अखेरीस मार्टिन कंपनीने आपल्या नेहमीच्या गिटारींसाठी भारतीय शिसव घेण्यास सुरुवात केली आणि इतरांनीही तोच मार्ग धरला. त्या वेळी आपल्या शिसवाला ‘पर्यायी लाकूड’ म्हणून नाके मुरडणारे पुष्कळ होते. आज तोच उत्तम गिटारचा मानदंड समजला जातो. आवड कशी घडते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

इतर नातीही शोधली तर सापडतात. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे ज्या तून लाकडाचे करतात, तो वृक्ष महोगनीच्याच कुळातला. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे अनेकांच्या वाचनात आले असेल. गिटारच्या मानेवर जेथे बोटे ठेवतात ती काळीभोर पट्टी आबनुसाची असते. आबनूस म्हणजे आपल्या टेंभुर्णीचा चुलतभाऊ. विदर्भात जिच्या पानांच्या विड्या वळतात ती टेंभुर्णी. दक्षिणेतील सरस्वती वीणा फणसाच्या लाकडाची. अंगणातला फणस जर वीणेला चालतो, तर ‘नादाला योग्य’ लाकूड फक्त साता समुद्रांपलीकडेच उगवते असे मानण्याचे कारण नाही.

किंमत कोण मोजतो?

आता तिसरा प्रश्न. शिसव अतिशय सावकाश वाढतो. गिटारची पाठ निघेल एवढा बुंधा तयार होण्यास माणसाची पिढी-दोन पिढी जाते. ब्राझीलच्या शिसवाची इतकी तोड झाली, की १९९२ साली वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार त्याच्या व्यापारावर जवळजवळ पूर्ण बंदी आली. जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या सगळ्याच प्रजातींवर नियंत्रण बसले. विक्रीसाठी सीमेपार जाणाऱ्या प्रत्येक शिसवी गिटारला परवाना लागू लागला आणि कारागीर मेटाकुटीला आले. २०१९ च्या अखेरीपासून तयार वाद्यांना यातून सूट मिळाली आहे. लाकडावरील नियंत्रण मात्र कायम आहे. आपला भारतीय शिसव निसर्गसंवर्धकांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदलेला आहे. महोगनीच्याही व्यापारावर २००३ पासून असेच नियंत्रण आहे. सगळी झाडे काही गिटारींसाठी तुटली नाहीत. फर्निचर व शोभेच्या वस्तूंनी त्यांचा फडशा अधिक पाडला. तरीही ज्या फरकासाठी आपण त्यातला आपला वाटा मागतो तो फरक जर डोळे मिटल्यावर ओळखता येत नसेल, तर आपण झाड कानासाठी तोडतो आहोत की डोळ्यांसाठी, हे स्वतःला विचारावयास हवे.

हे सारे वाचून एखादा नवा विद्यार्थी विचारील, ‘मग मी घेऊ तरी कोणती?’ त्याच्यासाठी चार व्यवहारी गोष्टी. पैसे मोजकेच असतील तर ते पुढच्या फळीवर खर्च करावे. ती अखंड लाकडाची असावी, प्लायवुडची नसावी. पाठ आणि बगला प्लायवुडच्या असल्या तरी बिघडत नाही. उलट आपल्या पावसाळ्यात त्या अधिक टिकाव धरतात. गिटारला हवेतील दमटपणा ४५ ते ५५ टक्के इतपत मानवतो आणि कोकणात आषाढ-श्रावणात तो ऐंशीच्या पुढे जातो. फळी पाणी पिऊन फुगते, पोट वर येते आणि तारा पडद्यांपासून उंच जातात. म्हणून तिला भिंतीवर टांगून न ठेवता पेटीत ठेवावी. तिसरी गोष्ट, दुकानात लाकडाचे नाव विचारण्यापूर्वी मित्राला पाठमोरे बसवून त्याच्याकडून दोन-तीन गिटारी वाजवून घ्याव्या, आणि मग आपण डोळे मिटून वाजवाव्या. चौथी, तारा वेळच्या वेळी बदलाव्या.

माझ्यापुरते सांगायचे, तर मला शिसवीचा खर्ज आजही आवडतो आणि उद्याही आवडेल. आवड सिद्ध करावी लागत नाही. ज्याची त्याची असते. पण नवी गिटार घेण्याची वेळ आली तेव्हा मी सीडरच्या फळीची, साध्या पाठीची घेतली. शिसवी ऐकावीशी वाटली की मित्राकडे जातो. त्याची गिटार त्याच्या वडिलांच्या वेळची आहे, तिचे झाड केव्हाच तुटलेले आहे, आणि अशी वाद्ये जपून पुढच्या पिढीच्या हाती देणे हाच त्या झाडाचा मान आहे असे मला वाटते. नव्या शिसवाने मात्र अजून काही वर्षे सह्याद्रीतच उभे राहावे.